चीज बनवायला नेमकं कुठं शिकायचं? (आठ जनावरं, ६० लिटर दूध, बजेट कमी)

माणखोऱ्यातला:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही माण तालुक्यातले. सहा एचएफ क्रॉस गाई, दोन मुऱ्हा म्हशी आणि आईच्या १४ उस्मानाबादी शेळ्या. दोन्ही वेळचं मिळून ६० लिटरच्या आसपास दूध, सगळं गावातल्या डेअरीला घालतो. दराचं काय सांगायचं, ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) जो लागेल तो, एसएनएफ जरा खाली आला की कापाकापी सुरू. २०२४ ला सरकारनं लिटरमागं आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान दिलं तेव्हा जरा बरं गेलं, पण अनुदानाच्या भरवशावर गोठा किती दिवस चालवायचा. बायको लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेते, खवा आणि पनीर, त्यात चार पैसे सुटतात, म्हणून डोक्यात आलं की चीज का नको.

मागच्या वर्षी हौसेनं एका मोठ्या शहरात दोन दिवसांचं वर्कशॉप केलं, नाव घेत नाही. फी नऊ हजार, जाणंयेणं वेगळं. बॅचमध्ये गोठेवाला मी एकटाच, बाकी सगळी हौशी मंडळी. पिशवीतलं दूध, त्यात सायट्रिक ॲसिड, अर्ध्या तासात मोझरेला, मग फोटो, मग सर्टिफिकेट. मी विचारलं माझ्या गोठ्यातल्या दुधाचं कसं करायचं तर म्हणाले सेमच. घरी येऊन थर्मोफिलिक कल्चर (चीजचं विरजण) आणि मायक्रोबियल रेनेट (दूध गोठवणारं) ऑनलाइन मागवलं, २० लिटर गाईचं दूध घेतलं, दही झकास बसलं, कापलं, निथळलं, आणि गरम पाण्यात टाकलं तर ताणायचं नावच नाही, नुसता चुरा. आठवड्यानं परत केलं, परत तेच. ४० लिटर दूध गेलं, आणि भाऊ अजून टोमणे मारतोय ते वेगळंच.

तर प्रश्न असा की आपल्यासारख्याला परवडेल असं, स्वतःच्या दुधावर काम शिकवणारं कुठं काही आहे का? सरकारी कोर्स असेल तर बीए झालेल्याला घेतात का? बायकोलाही शिकायचंय, तिला हिंदी-इंग्रजीचा कंटाळा आहे. माहीतगारांनी सांगा.

———

वरुडचा_डेअरीवाला:

भाऊ, मी पुसदजवळच्या वरुडच्या डेअरी टेक्नॉलॉजी कॉलेजचा बीटेक, त्यामुळं सरकारी बाजू सांगतो. आपल्या राज्यात माफसू म्हणजे नागपूरच्या पशु विद्यापीठाखाली अशी दोन कॉलेजं आहेत, एक आमचं आणि एक उदगीरला. तुला जवळ म्हणजे राहुरी कृषी विद्यापीठाचा दुग्धशास्त्र विभाग आणि बारामतीचं केव्हीके, म्हणजे कृषी विज्ञान केंद्र. केव्हीकेत चीजचा वेगळा कोर्स सहसा नसतो, दुग्धप्रक्रिया म्हणून जे शिकवतात त्यात पनीर, खवा, तूप, श्रीखंड, सुगंधी दूध असलं असतं, पण मराठीत शिकवतात आणि वहिनींना त्याचा उपयोग होईल. गावातली दहा-पंधरा माणसं गोळा करून तुम्हीच मागणी केलीत तर ते विषय त्यात घालतातही, हे फार लोकांना माहीत नसतं, लेखी अर्ज करा आणि शास्त्रज्ञांना जाऊन भेटा. जिल्ह्याची आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थापण बघा, बँका चालवतात, राहणं-जेवण फुकट, दुग्धव्यवसायाची बॅच असते, मात्र तिथं भर जनावरं सांभाळण्यावर जास्त.

चीजच शिकायचं तर मग करनालची एनडीआरआय, म्हणजे राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था, नाहीतर त्यांचंच बंगळूरचं केंद्र. मूळ संस्था बंगळूरलाच होती बरं का, १९२३ ची, १९५५ ला करनालला गेली. उद्योजकांसाठी त्यांची थोड्या दिवसांची ट्रेनिंग असतात, त्याला डिग्रीची अट सहसा नसते. आणंदला डेअरी सायन्स कॉलेज आहे तिथंही विचार. पण एक खरं सांगतो, तिथला पायलट प्लांट बघून डोळे दिपतात, वाफेवरचे व्हॅट म्हणजे चीजच्या टाक्या, सगळं ऑटोमॅटिक, आणि घरी येऊन तुझ्याकडं असतं ते जर्मनचं पातेलं आणि गॅस. शास्त्र पक्कं होतं, हात बसत नाही.

पैशांचं म्हणशील तर छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, जास्तीत जास्त १० लाख, कर्जाला जोडून मिळतं. वहिनी बचत गटात असतील तर गटातल्या माणशी ४० हजार बीज भांडवल वेगळं. कागदं करायला जिल्ह्याला माणूस नेमलेला असतो, एजंटाला पैसे देऊ नकोस. आणि शिकायच्या आधी मशीन तर अजिबात घेऊ नकोस, आमच्याकडं अनुदानाच्या नादात घेतलेली दोन पाश्चरायझर गव्हाच्या पोत्यांना टेकू देऊन उभी आहेत.

———

सदाशिव_पेठी:

चीज कोण खातंय हो माणात? आणि पुण्यात म्हणाल तर मंचरला एवढा मोठा प्लांट आहे, गो चीज तिथलंच, त्यांच्यापुढं तुमच्या २० लिटरचं काय घेऊन बसलात. त्यापेक्षा चांगलं तूप करा, मी स्वतः घ्यायला तयार आहे.

———

निवळीताई:

काका, तूप कराच, पण मंचरच्या चीजशी यांची स्पर्धाच नाही हो. ते पिझ्झाला आणि सँडविचला जातं. छोट्या माणसानं करायचं ते ताजं किंवा वेगळं. पुण्यातच एबीसी फार्म्सनं किती वर्षं चीज केलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. मुंबईच्या एलेफ्थेरियाच्या ब्रुनोस्टला वर्ल्ड चीज अवॉर्ड्समध्ये पदक मिळालंय. ब्रुनोस्ट हे नॉर्वेचं, म्हणजे काय तर चीज काढून उरलेली निवळी तासन्‌तास आटवायची, खव्यासारखी, तांबूस होईपर्यंत. खवा आटवणाऱ्या बाईला हे कुणी नॉर्वेहून येऊन शिकवायला नको, कलथा कधी जोरात चालवायचा हे तिच्या मनगटाला कळतं.

आता दादा तुमचं. माझं नाशिककडं छोटं युनिट आहे, रोज ८० लिटर, आम्ही दोघी बायका. कोर्सचं नंतर बोलू, आधी मला सांगा त्या २० लिटरमध्ये दूध किती गाईंचं होतं आणि त्या पंधरवड्यात कुठल्या गाईला कासदाहाचं इंजेक्शन झालं होतं का? कासेत सोडतात ती ट्यूबसुद्धा धरा.

का विचारते ते सांगते. दही बसवतं रेनेट, त्याला अँटिबायोटिकनं काही होत नाही, म्हणून तुमचं दही झकास बसलं. ताण येतो तो आंबटपणानं, आणि आंबटपणा आणतं कल्चर, म्हणजे जिवंत जंतू, ते औषधानं मरतात किंवा झोपून राहतात. मोझरेला ताणायला पीएच (आंबटपणाचं माप, जितका खाली तितकं आंबट) ५.२ च्या आसपास उतरावा लागतो, तुमचा बहुतेक ६ च्या वरच अडकला असणार. वर्कशॉपात सायट्रिक ॲसिड बाहेरून घातलं होतं, तिथं जंतूंचं कामच नव्हतं, म्हणून पिशवीच्या दुधाचं झालं आणि तुमच्या चांगल्या दुधाचं झालं नाही. सेमच म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं नाही, पण त्याच्या समोर गोठेवाला कधी बसलाच नव्हता.

मी पण हे कोर्समध्ये शिकले नाही. पाच वर्षांपूर्वी एका चीजवाल्या बाईंकडं तीन महिने गेले, पगार नाही, राहायला खोली दिली. पहिले वीस दिवस फक्त भांडी. खरंच सांगते, कॅनच्या झाकणाचं रबर काढून त्याच्या खाचेत बोट फिरवून वास घ्यायचा, आंबूस आला की परत घासायचं. मला राग यायचा, इथं काय मोलकरीण म्हणून आलेय का. मग एकदा त्यांनी दोन व्हॅट शेजारी शेजारी लावले, एक धुतलेल्या कॅनचं आणि एक मी घाईत विसळलेल्या कॅनचं, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही चाखायला दिले. माझं स्पंजासारखं फुगलेलं, भोकंच भोकं आणि चवीला गोठा. एक शब्द बोलल्या नाहीत.

———

मॅडिसनकर:

तिकडची गोष्ट सांगतो, थेट उपयोग नाही पण ताईंच्या मुद्द्याला धरून आहे. मी अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो, नोकरी आयटीत पण शनिवारी एका फार्मवर चीजला हात लावतो. या राज्यात चीज करणाऱ्या माणसाला लायसन लागतं, अमेरिकेत दुसऱ्या कुठल्याही राज्यात तसं नाही. आणि ते नुसत्या पेपरवर मिळत नाही, लायसनवाल्या चीजमेकरच्या हाताखाली तास भरावे लागतात आणि विद्यापीठाचा छोटा कोर्स करावा लागतो, दोन्ही. इथल्या विद्यापीठात डेअरी रिसर्च सेंटर आहे, तिथं मोठ्या फॅक्टरीचा मॅनेजर आणि २० शेळ्यांवाली बाई एकाच बाकावर बसतात. त्याच्या वर मास्टर चीजमेकर म्हणून आहे, त्याला नुसता अर्ज करायला १० वर्षांचा लायसनचा अनुभव, मग पुढं तीन वर्षं.

म्हणजे माझं म्हणणं एवढंच की इथं जे कायद्यानं केलंय ना, हाताखाली राहणं, ते तुम्ही स्वतः जमवून घ्या. वर्षातून दोन आठवडे का होईना कुणाच्या तरी युनिटला. आणि जमलं तर कधीतरी इटलीतल्या ब्रा गावचा चीज मेळा बघा, स्लो फूडवाले भरवतात, १९९७ पासून एक वर्षाआड. मी एकदाच गेलो, धनगरासारखी मेंढरं घेऊन डोंगरात राहणारी माणसं स्वतःचं चीज कापून चाखायला देत होती आणि समोर रांग लागलेली. तिकिटाचे पैसे बघून बायकोनं वर्षभर ऐकवलं ही गोष्ट वेगळी.

———

माणखोऱ्यातला:

ताई, साष्टांग नमस्कार. गोठ्यातली वही काढून बघितली. तांबडीला पहिल्या वेळेच्या आधी चार दिवस मागच्या डाव्या सडात ट्यूब सोडली होती, दुसऱ्या वेळेला तिचं नाही पण चंद्रीचं इंजेक्शन चालू होतं. आणि मी सहाही गाईंचं एका कॅनमध्ये ओतलं. डोक्यातच आलं नाही. डॉक्टर म्हणाले होते दूध बाजूला काढा, आपण काढतो का कधी, डेअरीत सगळ्यांचं एकत्रच होतंय म्हणून घालून मोकळे. खोटं कशाला बोलू.

आता एवढं सांगा की कळायचं कसं? प्रत्येक वेळी लॅबला कुठं पाठवू.

———

निवळीताई:

डेअरीला घालता तेही थांबवा दादा, ते कुणाचं तरी लेकरू पितंय. औषधाच्या खोक्यावर किती दिवस दूध वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं, नसेल तर डॉक्टरला विचारून त्याच वहीत पुढच्या पानावर तारीख टाका, त्या तारखेपर्यंत त्या गाईचं दूध ना डेअरीला ना चीजला.

घरगुती तपासणी दोन. एक कासदाहाची, सर्फचं पाणी करायचं, अर्धा लिटर पाण्याला १५ ग्रॅम, चारी सडांचं दूध चार वेगळ्या वाट्यांत, तेवढंच सर्फचं पाणी घालून वाटी गोल फिरवायची. पातळ राहिलं तर ठीक, शेंबडासारखं घट्ट झालं तर त्या सडात गडबड आहे. हे धार काढताना आठवड्यातून एकदा करा. दुसरी औषधाची. संशयाचं कपभर दूध आणि खात्रीच्या गाईचं कपभर, दोन्ही उकळून कोमट करून सारखंच विरजण लावायचं आणि शेजारी झाकून ठेवायचं. एकाचं लागलं आणि एकाचं नाही की समजायचं. लॅबची सर येत नाही, थोडंसं औषध असेल तर विरजण लागूनही जातं, पण ढोबळ चूक पकडते.

आणि दही कधी कापायला तयार झालं हे घड्याळ बघून नका ठरवू. रेनेट ढवळून झालं की दुधावर स्टीलची छोटी वाटी अलगद तरंगत सोडा आणि दर मिनिटाला बोटानं हलकी गिरकी द्या. आधी भिंगरीसारखी फिरते, मग जड होते, मग एका क्षणी बोट काढलं की जागेवर थांबते. रेनेट घातल्यापासून तोपर्यंत किती मिनिटं झाली ते लिहा आणि त्याला तीननं गुणा, तेवढ्या मिनिटांनी कापा. १२ मिनिटं लागली तर ३६ ला. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, गाय नुकती व्यायलेली असेल तर, आकडा बदलत जातो आणि वहीतून तुमचं तुम्हाला दूध कळायला लागतं. चीक संपल्यावरही पहिले काही दिवस ते दूध चीजला घेऊ नका.

दूध आधी ६३ डिग्रीला अर्धा तास ठेवून मग थंड करायचं, उकळायचं मात्र नाही, उकळलेल्या दुधाचं रेनेटनं नीट दही बसतच नाही. कच्च्या दुधाचं चीज फ्रान्सात चालतं म्हणून व्हिडिओ बघून करायला जाऊ नका, आपल्याकडं ब्रुसेलाची (कच्च्या दुधातून माणसाला होणारा रोग) जनावरं कमी नाहीत.

———

फलटणची_शेळी:

शेळ्यांचं कुणी बोललंच नाही म्हणून. उस्मानाबादी शेळी मांसाची आणि जुळ्या करडांची, दूध अर्धा-एक लिटर, करडं पाजून तुमच्या हाती काय राहणार? शेळीचं चीज करायचं तर दुधाची जात वेगळी धरावी लागते. फलटणला निंबकर संस्थेत शेळी-मेंढीवर खूप जुनं काम आहे, तिथं जाऊन बोला, चीजसाठी नाही पण कुठली शेळी धरायची यासाठी. आईच्या शेळ्या आहेत तशाच राहू द्या, आणि समजा कधी शेळीचं चीज केलंच तर बोकड धारेच्या जागेपासून लांब बांधा, दूध वास पकडतं, गिऱ्हाईक एकदा तोंड वाकडं करून गेलं की परत येत नाही, अनुभवाचे बोल.

वहिनींसाठी अजून एक, तुमच्याच म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं बायकांसाठीचं बिझनेस स्कूल आहे, हिशेब, पॅकिंग, विक्री मराठीत शिकवतात. चीज नसेल शिकवत पण किंमत कशी लावायची हे चीज येणाऱ्या निम्म्या लोकांना येत नाही.

———

वरुडचा_डेअरीवाला:

किमतीवरून आठवलं. गाईच्या १० लिटरला किलोभर मोझरेला धर, म्हणजे नुसत्या दुधाचेच ३०० ते ३५० गेले. वर गॅस, कल्चर, पॅकिंग, बर्फ, पुण्याची गाडी आणि फेकलेली बॅच. ही फेकलेली बॅच कुणी धरतच नाही. तुझ्या ४० लिटरचे पैसे लिही त्या वहीत, शिकण्याची फी म्हणून.

म्हशीचं दूध पण वापरून बघ. त्यात कॅल्शियम आणि केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, जास्त, दही लवकर आणि कडक बसतं, चेडरसारखं मुरवायचं चीज कोरडं होतं आणि सावकाश मुरतं, पण मोझरेलाला उत्तम, इटलीत मूळ ते म्हशीचंच. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी तज्ज्ञ म्हणायचे, आणंदला दलायांनी १९५५ च्या सुमाराला करून दाखवली, तर आपण निदान मोझरेला तरी करावं. मुरवायचं चीज सध्या विसर, १० ते १४ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रता माणात मे महिन्यात, लोडशेडिंगमध्ये, कुठून आणणार. आणि विकायच्या आधी एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन कर, त्यांचं फोस्टॅक नावाचं अन्नसुरक्षेचं ट्रेनिंग असतं तेही करून टाक, दिवसाचं काम आहे.

———

सदाशिव_पेठी:

वाचतोय सगळं. वाटीचं आवडलं. तूप मात्र सांगून ठेवा.

———

माणखोऱ्यातला:

मंडळी, अपडेट देतो. बारामतीला जाऊन आलो, मॅडम म्हणाल्या १५ जणांची यादी आणा, मोझरेला घालू विषयात. गावात ११ नावं झालीत, त्यातल्या सात बायका. बायको म्हसवडला चौकशी करून आली. बंगळूरला मेल टाकलाय, उत्तर आलं की सांगतो.

आणि काल रविवारी तिसरी बॅच केली. फक्त गौरी आणि कपिली, दोघींना वर्षभरात औषध नाही, सर्फ लावून बघितलं होतं. १० लिटरच घेतलं. वाटी १४ व्या मिनिटाला थांबली, बायकोनं गिरक्या दिल्या, भाऊ मोबाईलवर वेळ बघत होता (टोमणे बंद). ४२ ला कापलं. पीएच मीटर नाही म्हणून दर अर्ध्या तासानं सुपारीएवढा तुकडा ८० डिग्रीच्या पाण्यात टाकून बघत होतो, पहिल्यांदा चुरा, दुसऱ्यांदा चुरा, जीव खाली-वर, साडेतीन तासांनी बायकोनं दोन बोटांनी ओढला आणि तो हातभर आला, चकाकत, तुटेचना. आई म्हणाली हे काय रबर केलंय. वजन भरलं ९४० ग्रॅम. चवीला अजून अळणी आहे, मिठाच्या पाण्यात कमी वेळ राहिलं बहुतेक.

ताई, तुमच्याकडं येऊन दोन आठवडे भांडी घासायची तयारी आहे, दोघांची, पाळीपाळीनं, कारण गोठा सोडता येत नाही. कधी येऊ ते सांगा. आणि ती नऊ लिटर निवळी बादलीत तशीच आहे, म्हशींना पाजली तर चालते का?

———

निवळीताई:

चालते, पण पहिल्या दिवशी तांब्याभरच, पाण्यात मिसळून, नाहीतर शेण पातळ करतात. ताण काढलेलं गरम पाणी आणि मिठाचं पाणी त्यात ओतू नका. आणि नऊच्या नऊ लिटर म्हशींना नका घालू, दोन लिटर कढईत घ्या आणि वहिनींना आटवू द्या.

दिवाळीनंतर या. आधी वहिनी. येताना वही आणा.